पवनेच्या घाटापासून चाकणच्या उंसापर्यंत

नोकरींतून निवृत्त होऊन चिंचवडास मुलाकडे राहावयास आल्यापासून रोज पहाटे पवनेच्या घाटापर्यंत फिरून यावयाचें, असा माझा नेम आहे. मोरया गोसावींच्या समाधीचें दर्शन घ्यावें, घाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसावें आणि ऊन तापण्याच्या आंत घरीं परतावें. पावसाळ्यांत हा नेम पवनाच मोडते. तेव्हां तिचें पाणी पायऱ्या गिळीत थेट देवळापर्यंत येतें. हिंवाळा सरतांना मात्र उलट प्रकार होतो. पाणी दिसेनासेंच होतें. ह्या तीरापासून त्या तीरापर्यंत हिरवागार थर पसरतो, त्यावर मधून मधून जांभळ्या फुलांचे तुरे डुलतात, आणि नवख्या मनुष्यास वाटावें, कीं येथें नदी नसून कोणीं हौसेनें राखलेलें कुरण आहे. हीच ती जलपर्णी.

फाल्गुनांतील एका रविवारीं माझा नातूहि माझ्याबरोबर घाटावर आला होता. तो सातवींत आहे. त्याच्या शाळेंत वक्तृत्वाची स्पर्धा ठरली होती व विषय होता, ‘सृष्टीच्या समतोलांत सर्व जीव सारख्याच मोलाचे आहेत.’ आमच्या घरीं भाषण लिहून देण्याचें काम अर्थातच आजोबांचें. सारा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यांत आणि निबंध घालण्यांत गेलेला; दोन पानें लिहावयास मला एक संध्याकाळ पुरली. मुंगीपासून हत्तीपर्यंत आणि तृणापासून वटवृक्षापर्यंत सर्वांस मीं एका रांगेंत बसविलें, सांखळीचा एक दुवा निखळला तर काय होतें तें सांगितलें, आणि शेवटीं टाळ्या पडाव्या अशीं दोन वाक्यें घातलीं. सूनबाईंनीं वाचून पाहिलें व चांगलें झाल्याचा निर्वाळा दिला. आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र स्वयंपाकघरांतूनच विचारलें, "सगळं खरं, पण परवा झुरळांचं औषध तुम्हीच आणलंत ना?"

मंडळी हंसली, मीहि हंसलों. परंतु तें वाक्य बारीक कुसळासारखें मनांत राहिलें. त्यांतच धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला चाकणच्या उत्तरेस, खेड तालुक्यांतील एका गांवीं दिलेली आहे. त्यांच्या गोठ्यांतून बिबट्यानें कालवड नेली होती. आमचे मेहुणे त्या धसक्यानें शेतच विकावयास निघाले होते. गुदामें बांधणारा एक मनुष्य भावहि सांगून गेला होता. "दादा, तू एकदा येऊन ह्यांच्याशी बोल," असें तिचें म्हणणें. तेव्हां घाटावरूनच पुढें जावयाचें ठरवून, भाषणाचीं तीं दोन पानें खिशांत घालून, आजा-नातू आम्ही दोघे निघालों होतों.

पायऱ्यांवर बसल्यावर नातवानें त्या हिरव्या पात्राकडे बोट दाखविलें. "आजोबा, ही जलपर्णीसुद्धा जीवच ना? मग महानगरपालिका दर वर्षी ती काढून का टाकते? आपल्या भाषणात तर सगळे सारखे आहेत."

प्रश्न रास्त होता. जलपर्णी मूळची ह्या देशाची नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीचें खोरें हें तिचें माहेर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची वनस्पति म्हणून ती हिंदुस्थानांत आली, आणि पहातां पहातां बंगालच्या नद्या, खाड्या व भातखाचरें तिनें अशीं व्यापलीं, कीं १९३६ सालीं तेथील सरकारास तिच्या बंदोबस्ताकरितां कायदा करावा लागला. माहेरीं तिला खाणारे किडे आहेत, तिच्यावर पडणारे रोग आहेत. तेथें ती चारचौघींसारखी नांदते. येथें तिला हटकणारें कोणी नाहीं. हवापाणी अनुकूल असेल तर तिचा पसारा पंधरा दिवसांत दुप्पट होऊं शकतो. खालच्या पाण्यास ऊन मिळत नाहीं, त्यांतील प्राणवायु घटतो, मासे तडफडतात आणि डांसांची मात्र चैन होते.

परंतु एवढेंच सांगून थांबलों तर आपण सोयीपुरतेंच सत्य सांगितलें असें होईल. जलपर्णीस जगावयास अन्न लागतें. तें तिला कोण पुरवितो? पवना सह्याद्रींत उगम पावते आणि मावळांतून वाहत येऊन दापोडीजवळ मुळेस मिळते. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व ह्या भागांत कारखान्यांची रीघ लागली. १९७० सालीं नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत पिंपरी-चिंचवडची वस्ती १७ लाखांवर भरली. इतक्या घरांचें न्हाणें-धुणें, भांडीं-कुंडीं आणि मलमूत्र ह्यांचा जो भाग शुद्ध न होतां नदींत उतरतो, त्यांतील नत्र व स्फुरद हें जलपर्णीचें पक्वान्न होय. पाहुणी आम्हींच बोलावली, तिला रोज वाढतोंहि आम्हीच, आणि ती पानावरून उठत नाहीं म्हणून कुरकुरतोंहि आम्हीच!

"म्हणजे ती वाईट नाही, तिची जागा चुकली," नातू म्हणाला.

मीं मान हालविली. वनस्पति तीच, फुलें तींच, गुणहि तेच. स्थान बदलतांच तिचें मोल पालटलें. मोल म्हणजे कांहीं जिवाच्या कपाळीं लिहिलेला आंकडा नव्हे. तो ज्या ठिकाणीं आणि ज्यांच्या संगतींत राहतो, त्या नात्यांत त्याचें मोल असतें. माझ्या दोन पानांत ही गोष्ट कोठेंच आली नव्हती.

चिंचवडाहून पिंपरीस व पिंपरीहून भोसरीकडे जाणाऱ्या बसमध्यें आम्ही बसलों. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचें आवार जवळ आलें, तसा मी नेहमींप्रमाणें मनांतल्या मनांत नमस्कार केला. लहानपणीं मला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनीं आशा सोडल्यासारखें केलें, तेव्हां वडिलांनीं पेनिसिलिनच्या कुप्या मिळवून आणल्या व मी वांचलों. ‘पिंपरीच्या औषधानें पोर हातीं लागलें,’ असें आई अखेरपर्यंत सांगत असे. स्वतंत्र हिंदुस्थानांत सरकारनें १९५४ सालीं हा कारखाना स्थापिला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांचें त्यास साह्य होतें. ज्या पेनिसिलिनसाठीं तो उभा राहिला, तें अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांस १९२८ सालीं एका बुरशींत सांपडलेलें. भाकरीवर धरली तर आपण नाक मुरडून फेकून देतों, त्याच गोत्रांतील ती बुरशी.

परंतु मला नातवास सांगावयाची होती ती गोष्ट ह्याहून नवलाची आहे. ह्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेंत एम. जे. तिरुमलाचार ह्यांच्यासारखे शास्त्रज्ञ मातींतील सूक्ष्म जीवांचा शोध घेत होते. पिंपरीच्याच मातींतून त्यांस स्ट्रेप्टोमायसिस वर्गांतील एक जीव सांपडला. १९६१ च्या सुमारास त्यापासून हॅमायसिन नांवाचें, बुरशीजन्य रोगांवर चालणारें औषध त्यांनीं प्रसिद्ध केलें. औषधास नांव मिळालें तें कारखान्याच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून. आणि त्या जिवास शास्त्रीय नांव देण्यांत आलें ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. आळंदीस ज्ञानोबांमुळें व देहूस तुकोबांमुळें कीर्ति मिळाली, तशी पिंपरीस जगाच्या शास्त्रग्रंथांत जागा मिळाली ती डोळ्यांस न दिसणाऱ्या एका मातींतील जंतूमुळें!

हे स्ट्रेप्टोमायसिस सर्वांच्याच ओळखीचे आहेत, फक्त आपणांस तें ठाऊक नसतें. मृगाच्या पहिल्या सरींनंतर मातीचा जो गंध सुटतो, त्यांतील मुख्य द्रव्य हे जीव निर्माण करतात. पडलेला पाला कुजवून त्याची माती करण्याचें कामहि त्यांचेंच. चिमूटभर सुपीक मातींत असे कोट्यवधि सूक्ष्म जीव नांदत असतात. आणि येथील मौज पहा: जंतूंवरचें औषध दिलें बुरशीनें, आणि बुरशीवरचें औषध दिलें जंतूनें. एकाच आवारांत दोघांनीं एकमेकांविरुद्ध साक्ष दिली. त्यांपैकीं मित्र कोण आणि शत्रु कोण, हें कोणत्या तराजूनें ठरवावयाचें?

"मग जंतू चांगलेच म्हणायचे," नातवानें निकाल दिला.

मीं त्यास आमच्या चिंचवडांतील चापेकरांच्या वाड्याची आठवण दिली. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगानें कहर केला. त्या साथीच्या बंदोबस्तांत झालेल्या जुलुमामुळें २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली, आणि ती झाडणारे बंधु चिंचवडचे. त्या साऱ्या अनर्थाच्या मुळाशीं जो होता, तोहि एक जंतूच. येर्सिन ह्यांनीं १८९४ सालीं हाँगकाँग येथें तो शोधून काढला. उंदराच्या अंगावरील पिसवेंतून तो माणसांत आला व घरेंच्या घरें ओस पडलीं. त्या जंतूचें आणि पिंपरीच्या जंतूचें मोल सारखें, असें प्लेगांत ज्यांचीं माणसें गेलीं त्यांच्यापुढें म्हणण्याची माझी छाती नाहीं. पण कोणता जीव तारक आणि कोणता मारक, हें अगोदर ओळखण्याचें ज्ञान आपणांपाशीं नसतें, हेंहि तितकेंच खरें. तिरुमलाचारांच्या हातीं ती माती पडण्यापूर्वीं पिंपरीची माती म्हणजे चपलांस लागणारी धूळ होती. आतां तिच्यावर किती ठिकाणीं सिमेंट पडलें आहे आणि त्याखालीं काय काय झांकलें गेलें आहे, तें कोण सांगणार?

भोसरी, मोशी मागें टाकून, इंद्रायणीचा पूल ओलांडून आम्ही चाकणास आलों. शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं ५६ दिवस झुंजविलेला संग्रामदुर्ग येथलाच. चाकणचा कांद्या-बटाट्याचा बाजार जुना. मोटारींचे कारखाने नवे. रस्त्याच्या दोहों बाजूंस पत्र्याचीं गुदामें, मालमोटारींच्या रांगा, आणि त्यांच्या मधून अवचित डोकावणारा उंसाचा हिरवा तुकडा, असें हल्लींचें चाकणचें रूप आहे. ह्याच चाकणास २०२२ च्या मार्च महिन्यांत मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यांत एक बिबट्या शिरला होता. कांहीं तास काम थांबलें. वनखात्याच्या व वाइल्डलाइफ एसओएस ह्या संस्थेच्या लोकांनीं भुलीचें औषध देऊन त्यास सुखरूप बाहेर काढलें. यंत्रांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या जनावराचें चित्र तेव्हां देशभर झळकलें. लोकांस त्याचें हंसूं आलें, कौतुकहि वाटलें. बहिणीच्या गांवीं पोंचल्यावर मात्र कौतुक मावळलें.

बहिणीचें घर उंसाच्या कडेलाच आहे. मागच्या दारीं उभें राहिलें, कीं वीस पावलांवर उंसाची भिंत. गोठ्याच्या कुडाला पडलेलें भगदाड मेहुण्यांनीं दाखविलें. कुडाच्या एका कामटीस कालवडीचे केंस तसेच अडकून होते. नातू कांहीं बोलला नाहीं. त्यानें माझें बोट मात्र धरलें.

मेहुणे हिशेबी, कमी बोलणारे गृहस्थ. ओसरीवर बसल्यावर ते म्हणाले, "मास्तर, तुमचा समतोल पुस्तकांत ठीक आहे. माझी नात रोज तिन्हीसांजेला शिकवणीहून ह्याच बांधावरून येते. कालवड गेली, ती सोसली. पण पुढं काय?"

त्यांची भीति पोकळ नव्हती. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शेजारच्या शिरूर तालुक्यांत पिंपरखेडच्या परिसरांत थोड्याच दिवसांत तीन माणसें बिबट्याच्या हल्ल्यांत दगावलीं. त्यांत दोन लेंकरें होतीं. लोकांनीं चिडून पुणें-नाशिक रस्ता अडविला, आणि अखेरीस नेमबाज बोलावून एका बिबट्यास गोळी घालावी लागली. त्या घरांतल्या आयांपुढें उभें राहून मी माझीं दोन पानें वाचूं शकलों असतों काय? खिशांतला तो कागद मला एकाएकीं जड वाटूं लागला. मीं मेहुण्यांस स्पष्टच सांगितलें, "बिबट्याचं आणि आपल्या नातीचं मोल सारखं आहे, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तें खोटं होईल."

पण मग बिबट्या येथें आला कोठून? डोंगरांतून भूक लागली म्हणून खालीं उतरला, अशी आपली सर्वसाधारण समजूत. वस्तुस्थिति निराळी आहे. कुकडी नदीच्या खोऱ्यांत धरणें झालीं, पाटाचें पाणी फिरलें, आणि जेथें बाजरी होत असे तेथें ऊंस आला. वर्ष-दीड वर्ष उभें राहणारें, पुरुषभर उंच, थंड आणि निवांत असें हें रान बिबट्यांस घरासारखेंच वाटलें. आतां त्यांच्या माद्या उंसांतच वितात; तोडणीच्या वेळीं कामकऱ्यांच्या कोयत्यापुढें पिलें सांपडतात. ज्या बिबट्यास आपण ‘जंगलांतला’ म्हणतों, त्यानें कदाचित् जंगल पाहिलेलेंहि नसेल. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अकोले तालुक्यांत अभ्यास केला, तेव्हां तेथील बिबट्यांच्या अन्नांत वजनानें शेंकडा ८७ भाग पाळीव जनावरांचा, आणि त्यांतही कुत्र्यांचाच एकट्यांचा वांटा शेंकडा ३९ इतका आढळला.

"पकडून दूर नेऊन सोडावा," हा उपाय सर्वांसच सुचतो. जुन्नर भागांत तोहि करून झाला आहे. १९९३ ते २००१ ह्या काळांत तेथें बिबट्यांचे माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत. पकडलेले बिबटे आणून सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ ह्या काळांत, ती सरासरी १७ वर गेली. ओळखीच्या मुलखांतून उचलून परक्या ठिकाणीं टाकलेलें जनावर अधिकच बिथरतें. सकाळीं घाटावर जलपर्णीविषयीं नातू जें बोलला होता, तेंच येथें निराळ्या रूपानें पुढें आलें: स्थान चुकलें कीं जीव बदलतो.

बोलतां बोलतां मेहुण्यांनीं गांवाबाहेरच्या माळाची आठवण काढली. त्यांच्या लहानपणीं मेलेलें जनावर त्या माळावर टाकीत. गिधाडांचा थवा उतरे आणि दिवस मावळण्यापूर्वीं हाडांपलीकडे कांहीं उरत नसे. आज तेथें एकहि गिधाड नाहीं. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. गिधाडें कोणीं मारलीं? गुरांच्या दुखण्यावर देत असलेल्या डायक्लोफिनॅक ह्या औषधानें. तें औषध घेतलेलें जनावर मेलें व गिधाडांनीं खाल्लें, कीं त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत, हें २००४ सालीं सिद्ध झालें. २००६ सालीं आपल्याकडे गुरांसाठीं त्यावर बंदी आली. पण १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा ९९ हूनहि अधिक नाहींशीं झालीं होतीं. मढीं उघड्यावर कुजूं लागलीं, कुत्रीं वाढलीं, पाणी नासलें. २००० ते २००५ ह्या पांच वर्षांत त्यापायीं देशांत सुमारें पांच लाख माणसें अधिक दगावलीं असावीं, असें अनुमान २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासांत काढलें आहे. ज्या पक्ष्याचें नांव आपण शिवीसारखें वापरतों, घरावर बसला तर शांति करतों, तो आपला केवढा भार उचलीत होता, हें तो गेल्यावर कळलें. एका औषधानें मला वांचविलें, दुसऱ्यानें गिधाडें संपविलीं. दोन्ही औषधें माणसानें चांगल्याच हेतूनें केलेलीं.

पानें मांडलीं गेलीं. बहिणीच्या घरीं जुनी रीत अजून आहे. नैवेद्य झाल्यावर तिनें गाईचा घांस बाजूस काढला, कावळ्यासाठीं भाताची मूद कुंपणावर ठेवली, मुंग्यांच्या वाटेवर चिमूटभर पीठ टाकलें, आणि दारच्या कुत्र्यास भाकरीचा तुकडा दिला. मेहुण्यांनीं चित्राहुति घातल्या. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ म्हणून मीं जो वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला, तो हाच. नातू सर्व टक लावून पाहत होता. तो म्हणाला, "आत्याआजी, गाईला एवढा मोठा घास आणि मुंग्यांना चिमूटभरच? सारखं कुठं झालं?"

बहीण वाढतां वाढतां म्हणाली, "सारखं नाहीच मुळी, बाळा. तुझ्या पानात पुरणपोळी आणि मुंगीला पीठ. पण विसरलं कुणाला नाही."

तिनें शाळा चौथीपर्यंतच केली आहे. परंतु घाटापासून मी ज्या गांठीपाशीं चांचपडत होतों, ती तिनें भाताचा हात न धुतां सोडविली. वांटा सारखा नसतो. पण वांटा असतो. गीतेच्या पांचव्या अध्यायांत जें समदर्शन सांगितलें आहे, त्यावर आमचे शास्त्रीबुवा नेहमीं एक भेद सांगत: समदर्शन निराळें आणि समवर्तन निराळें. दृष्टि सर्वांवर सारखी असावी. वागणूक मात्र ज्याच्या त्याच्या स्थानाप्रमाणें असावी. वाघास आणि गाईस एकाच दाव्यानें बांधणें म्हणजे समता नव्हे. सृष्टीच्या पंगतींत कोणास पुरणपोळी आणि कोणास चिमूट पीठ, हें सृष्टीनेंच ठरविलेलें आहे. माणसानें आपल्या लेंकराचें पान राखावें, त्यासाठीं प्रसंगीं काठी उचलावी, हा त्याचा धर्म आहे. पण पंगतींतून दुसऱ्याचें पानच उचलून टाकावें, आणि तेंहि त्याचें काम काय हें ठाऊक नसतांना, हा अधिकार कोणीं कोणास दिलेला नाहीं. जेथें पंगतीची मांडणी आपणच बिघडविली आहे, जसें पवनेंत मैलापाणी सोडून किंवा घराच्या भिंतीस ऊंस भिडवून, तेथें ती सुधारण्याचा भारहि आपल्याच शिरावर येतो.

जेवणानंतर ओसरीवर पुन्हां बैठक झाली. शेत विकूं नका, असें मीं सांगितलें नाहीं. ज्याच्या घरीं नात आहे त्यास असा उपदेश करणें सोपें, पण तो पाळणें त्याच्याकडे. फक्त एवढें विचारलें, कीं येथें गुदाम झालें तर बिबट्या जाईल कोठें? शेजारच्या बांधावर. मग वनखात्याचे लोक गांवोगांव जें सांगत असतात त्याची उजळणी केली. घराभोंवतीं मोकळी जागा ठेवून ऊंस मागें घ्यावा. गोठ्यास पक्की भिंत, जाळी आणि दार करावें. बांधावर दिवा लावावा. उरलेलें अन्न उकिरड्यावर टाकूं नये, म्हणजे कुत्रीं जमणार नाहींत व कुत्र्यांमागून बिबट्या येणार नाहीं. तिन्हीसांजेस मुलास एकटें सोडूं नये; पोरांस चार घरांनीं मिळून पाळीपाळीनें आणावें. कालवडीची नुकसानभरपाई सरकाराकडून मिळते, तिचा अर्जहि तेथेंच बसून लिहिला. मेहुणे हो म्हणाले नाहींत, नाहीं म्हणाले नाहींत. "उसाचे चार सरे मागं घेऊन पाहतो. ह्या पावसाळ्यापर्यंत विकीत नाही," इतकें त्यांनीं कबूल केलें. बहिणीस तेवढें पुरे होतें.

परततांना आळंदीवरून आलों. इंद्रायणीच्या घाटावर उभे राहिलों, तों पाण्यावर पांढरा फेंस तरंगत होता. वरच्या अंगाच्या वस्तीचें व कारखान्यांचें सांडपाणी येथें माउलींच्या पायांशीं येतें. नातवास रेड्याच्या मुखीं वेद वदविल्याची कथा ठाऊक होती. त्या रेड्याची म्हणून दाखविली जाणारी समाधि ह्याच पुणें जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांत आळे येथें आहे, हें मीं त्यास सांगितलें. तो विचारांत पडला. "म्हणजे रेडा आणि पंडित सारखे?" मीं म्हटलें, "ज्ञानोबांच्या दृष्टीत सारखे. म्हणून काही त्यांनी रेड्याला पाटावर बसवून पंडिताला पखाल वाहायला लावलं नाही. रेड्याच्या पाठीवरचा आसूड थांबवला."

घरीं आल्यावर मीं ती दोन पानें काढून फाडलीं. रात्रीं नातवानें स्वतःच चार परिच्छेद लिहिले. विषयाच्या बाजूनेंच बोलावयाचें होतें, म्हणून त्यानें आरंभींच सांगून टाकलें, कीं ‘सारखें मोल’ ह्याचा अर्थ मी सारखा वांटा असा करीत नाहीं, कोणासहि न विसरणें असा करतों. त्यांत आत्याआजीचें मुंगीचें पीठ होतें, पिंपरीचा जंतु होता, कालवडीचे केंस होते. टाळ्यांचीं वाक्यें नव्हतीं. स्पर्धेंत त्यास बक्षीस मिळालें नाहीं. परीक्षकांनीं ‘विषयास थोडी बगल दिली’ असा शेरा मारला. मी परीक्षक असतों तर कदाचित् मींहि तोच मारला असता.

दुसऱ्या दिवशीं पहाटे मी नेमाप्रमाणें घाटावर गेलों. महानगरपालिकेचीं माणसें जलपर्णी ओढून तीरावर ढीग घालीत होतीं. ती काढणें अवश्यच होतें. पण त्या ढिगाकडे पाहतांना मला वाटलें, ही दर वर्षीं येणारी हिरवी चादर म्हणजे पवनेनें आम्हांस धाडलेलें पत्र आहे. आम्ही पत्र फाडून टाकतों. मजकूर वाचीत नाहीं. घरीं आलों तों सौभाग्यवती चहाचें आधण ठेवीत होत्या. मीं त्यांस सांगितलें, "झुरळांचं औषध आणलं तें बरोबरच होतं. पण मोरीची जाळी फुटली आहे, ती आज बसवून घेतो."